प्रकरण सातवे : दार आधी, रबर नंतर

अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, की जुन्या गाडीच्या दाराची परीक्षा कुठे होते ते दिसतं. पूर्वेला शेवगाव-पाथर्डी, दक्षिणेला कर्जत-जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणारा आणि ज्वारीची रानं मोकळी झाली की वाऱ्याबरोबर उठणारी बारीक माती. पश्चिमेला मात्र अकोले तालुका सह्याद्रीच्या कण्याला टेकलेला. तिथल्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडल्याची वर्षं आहेत. जुलैत नगरहून निघालेली गाडी राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या धरणावर पोचते, तेव्हा एकाच जिल्ह्यात तिने धूळही खाल्लेली असते आणि धो-धो पाऊसही.

आजच्या गाडीत बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही. काच वर केली की बाहेरचं जग बाहेर. पण घरच्या शेडमध्ये जपलेली १९७०च्या दशकातली फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल, तर राजूर येईतो चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर थेंब पडू लागतात आणि मागच्या सीटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसलेली असते. मालक गॅरेजमध्ये येतो आणि एकच वाक्य बोलतो : “रबर गेलंय, नवीन टाकून द्या.” ते बहुधा खरंही असतं, पण अर्धंच. दाराचं रबर हा दार आणि चौकट यांच्यातला उरलेला फरक भरून काढणारा शेवटचा भाग आहे. दार लोंबलेलं असेल, चौकटीची कड गंजलेली असेल, दाराच्या तळाची भोकं मातीने बुजलेली असतील, तर जगातलं सगळ्यात महाग रबरही पहिल्याच पावसात हात टेकतं. म्हणून या प्रकरणात रबर बसवण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

रबर करतं काय?

दार आणि गाडीची चौकट हे दोन्ही पत्रे. पत्र्यावर पत्रा घट्ट बसत नाही. मध्ये काही मिलिमीटरची फट राहतेच आणि ती ठेवावीच लागते, नाहीतर खड्ड्यात गाडी पिळली की रंग घासला जाईल. ही फट भरण्यासाठी असं काहीतरी हवं, जे दार लावताना दबेल आणि दाबलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं उलट ढकलत राहील. रबराचं सगळं काम या उलट ढकलण्यात आहे. ते संपलं की रबर जागेवर दिसत असूनही गेलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या रिंगचं असंच होतं. रिंग तुटलेली नसते, फक्त चपटी आणि ताठ झालेली असते, तरी वाफ कडेने निघून जाते. तंत्रज्ञ या दोषाला ‘कायमची दबण’ म्हणून मोजतात : ठरावीक तापमानाला ठरावीक तास दाबून ठेवलेला तुकडा सोडल्यावर किती परत उसळतो, ते पाहतात.

पाणी आणि धूळ अडवण्याखेरीज रबराची आणखी दोन कामं आहेत. दार लावताना पत्र्यावर पत्रा आपटू नये म्हणून ते उशी होतं आणि चालत्या गाडीत दाराची खडखड थांबवतं. जुन्या गाडीचं दार लावल्यावर डबा आपटल्यासारखा आवाज आला, तर रबरात जीव उरलेला नाही हे काच खाली न करताच कळतं.

नगरला वाहनांचं एक वेगळं घराणंही आहे. १९४८पासून भारतीय चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे आहे. १९९४मध्ये इथे सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडीही उभी आहे. संरक्षण संशोधन संघटनेची वाहन प्रयोगशाळाही, म्हणजे व्हीआरडीई, याच शहरात आहे. नव्या वाहनांना कायद्याने लागणारं प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचं नाव येतं. गाडीच्या आत धूळ शिरते का, पाणी शिरतं का, हे वाहनउद्योगात नवी गाडी बाजारात येण्याआधीच पारखून घेतलं जातं. जुन्या गाडीची ती पारख तिच्या मालकालाच करावी लागते.

रबर मरतं कसं?

झाडाच्या चिकापासून मिळणारं कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला त्यात गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली आणि १८४४मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. गंधकाचे अणू रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना बांधतात. मग साखळ्या ताणल्या जातात, पण निसटत नाहीत, सोडल्या की परत येतात. आजही गाडीतलं बहुतेक रबर याच तत्त्वावर तयार होतं.

नैसर्गिक रबराचा शत्रू मात्र त्याच्या रचनेतच आहे. त्याच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो. वाहनांच्या धुरावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले, तरी नैसर्गिक रबराला तडे जायला पुरतात. गंमत अशी, की हे तडे ताणलेल्या रबरालाच जातात आणि ताणाच्या दिशेला आडवे जातात. सैल पडलेल्या रबराला ओझोन तितका त्रास देत नाही. म्हणूनच जुन्या गाडीत दाराचं रबर आधी कोपऱ्यात फाटतं, कारण बसवणाऱ्याने तिथेच ते ओढून वळवलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, रबर बसवताना तिचा उपयोग होणार आहे.

यावरचा इलाज १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्यापारी प्रमाणावर बाजारात आला. मुख्यतः इथिलिन आणि प्रोपिलिन या दोन वायूंपासून बनणाऱ्या या रबराला ईपीडीएम म्हणतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोन, ऊन आणि पाऊस यांना ते सहजासहजी दाद देत नाही. आज दाराच्या रबरासाठी तेच सर्रास वापरतात. त्याची एकच खोड आहे : तेल आणि पेट्रोल त्याला मानवत नाहीत. खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि ढिलं पडतं. “दाराला जरा ग्रीस मार” हा सल्ला बिजागरापुरता ठीक आहे, रबरावर ग्रीस किंवा इंजिनऑइल कधीच लावायचं नाही.

आधी माग काढा

रबराची चौकशी करायला बाजारात जाण्यापूर्वी गाडीला एक दिवस द्यायचा. पाणी कुठून येतं आणि धूळ कुठून येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही बहुधा वेगळी निघतात.

पाण्याचं आधी पाहू. दाराच्या काचेची जी खाच असते, तिच्यातून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच. काचेला लागून असलेली पट्टी त्यातलं बरंचसं अडवते, सगळं नाही. ही चूक नाही, रचनाच तशी आहे. आत उतरलेलं पाणी दाराच्या पोकळीतून खाली येतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. आतल्या बाजूला, दाराच्या कापडी किंवा रेक्झिनच्या पॅडमागे, प्लॅस्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा लावलेला असतो, तो हे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना, काचेचं हँडल दुरुस्त करताना कुणीतरी तो पडदा फाडून टाकतो आणि परत लावत नाही. मग पॅड भिजतं, पाणी पायाशी साचतं आणि दोष रबरावर येतो. म्हणून पहिलं काम म्हणजे दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करायची आणि पॅड उघडून पडदा तपासायचा. पुढच्या काचेचं रबर आणि बॉनेटमागच्या जाळीतून पाणी वाहून नेणारी वाटही याच वेळी पाहून घ्यावी. चालकाच्या पायाशी साचलेलं पाणी अनेकदा तिथून आलेलं असतं.

धुळीचं गणित हवेच्या दाबाचं आहे. गाडी पुढे जाताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागून उडालेली धूळ गाडीकडे परत ओढली जाते. त्यात खिडक्या उघड्या असतील तर गाडीतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा घ्यायला मिळेल त्या फटीतून धूळभरली हवा आत येते. पुढच्या दाराची तिकोनी छोटी काच तिरकी उघडली, तरी हवा बाहेर ओढण्याचंच काम होतं. मागच्या काचेखालच्या फळीवर धुळीचा जाड थर असेल, तर दारांआधी डिकीचं रबर आणि तळातल्या रबरी बुच्यांकडे पाहायला हवं. डिकीच्या रबराचा प्रश्न केवळ धुळीचा नाही. ज्या फटीतून धूळ आत येते, तिथूनच सायलेन्सरचा धूर येतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास देतो. घाटात काचा लावून जाणाऱ्या गाडीत तो साचला तर जिवावर बेततं.

दाराच्या रबराचा नेमका दोष शोधायला तीन साध्या चाचण्या पुरतात. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी रबरावर ठेवून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. ती अडखळत निघाली तर रबर दाबतंय, अलगद निघून आली तर तिथे फट आहे. वीतभर अंतरावर हे करत दाराभोवती फिरायचं. दुसरी चाचणी शंखजिऱ्याची. पंक्चरवाल्याकडे मिळणारी ही पांढरी पूड रबरावर लावायची, दार लावून उघडायचं आणि चौकटीवर उमटलेली रेघ पाहायची. रेघ जिथे तुटते तिथे रबर टेकत नाही. तिसरी चाचणी कच्च्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर जाऊन आल्यावरची. दार उघडून रबराकडे पाहिलं की जिथून धूळ आत गेली तिथे रबरावरून आडवे मातकट पट्टे दिसतात, आणि जिथे रबर टेकलेलं होतं तिथे स्वच्छ काळी रेघ. सगळ्या खुणांवर खडूने फुल्या मारून ठेवायच्या.

दार जाग्यावर आणा

फुल्या मारून झाल्या की त्यांचा आकार बोलू लागतो. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट आणि खालच्या मागच्या कोपऱ्यात रबर चुरगाळलेलं, अशी जोडी दिसली तर दार लोंबलेलं आहे असं समजावं. जुन्या गाडीचं दार जड असतं, चालक उतरताना त्यावर हात टेकून भार देतो आणि वर्षानुवर्षांत बिजागराची पिन झिजते.

दार अर्धं उघडून हँडलच्या बाजूने वर उचलून पाहायचं. ते वर-खाली हललं, तर बिजागराची पिन आणि बुश बदलायला हवेत, रबराचं काम तोवर थांबवायचं. पिन घट्ट असेल आणि तरी दार खाली असेल, तर दाराखाली लाकडी ठोकळा आणि जॅक ठेवून भार घ्यायचा, बिजागराचे स्क्रू थोडे सैल करायचे, दार केसभर उचलून परत कसायचे. गाडीच्या अंगावरून जाणारी पत्र्याची रेघ पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत एका सरळीत यायला हवी. मिस्तरी डोळा गाडीच्या अंगाला लावून बघतात तो याच रेघेवर. दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो चौकटीवरचा खुंट सरकवून दार जबरदस्तीने वर बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळावा. दार बिजागरावर बरोबर बसल्यानंतरच खुंटाला हात लावायचा आणि दार आत किती ओढलं जावं एवढंच त्याने ठरवायचं.

हे सगळं रबर काढून करायचं असतं. रबर असताना दार त्याच्या जोरावर कुठेतरी टेकतं आणि खरी फट लपते.

१९५०च्या दशकातली फियाट ११००, म्हणजे मुंबईकरांची ‘डुक्कर फियाट’, या बाबतीत वेगळी आहे. तिची पुढची दारं मागच्या बाजूला, मधल्या खांबावर टांगलेली असत, म्हणजे उघडताना पुढून उघडत. मागची दारंही त्याच खांबावर. एकाच खांबावर त्या बाजूच्या दोन्ही दारांचा भार येतो, त्यामुळे खांब किंचित जरी कलला तरी दोन्ही दारांच्या फटी एकदम बिघडतात. शिवाय पुढच्या दाराची मोकळी कड थेट वाऱ्याच्या तोंडाला येते, तिथलं रबर गाडीतल्या इतर कुठल्याही रबरापेक्षा जास्त मार खातं.

माप आणि खरेदी

दार जाग्यावर आलं की आता फट मोजायची. मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे छोटे गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीवर वीतभर अंतरावर चिकटवायचे आणि दार हलकेच लावायचं. दार उघडल्यावर चपटा झालेला प्रत्येक गोळा म्हणजे त्या जागची फट. पोकळ किंवा स्पंजाचं रबर दार लावल्यावर साधारण एक तृतीयांश दबावं, असा अंदाज ठेवला तर नऊ मिलिमीटरच्या फटीला तेरा-चौदा मिलिमीटर उंचीचं रबर लागतं. त्याहून जाड घेतलं तर दार ढकलून लावावं लागतं, त्याहून बारीक घेतलं तर नुसतं टेकतं. बिजागराच्या बाजूची फट बहुधा कमी भरते. तिथे रबर सरळ दबत नाही, घासत-पिळत दबतं. तिथे जाड रबर घातलं तर दार परत उसळतं आणि ताण बिजागरावर येतो. म्हणून दोन बाजूंना दोन जाडीचं रबर घालण्यात काही वावगं नाही.

आकाराचं म्हणाल तर जुन्या रबराचा दोन इंचांचा अखंड तुकडा हीच सर्वात भरवशाची खूण. तो आडवा कापून त्याचा छेद कागदावर गिरवून घ्यायचा. काही रबरांना खाली चिमट्यासारखा भाग असतो आणि आत लोखंडी पट्टी, ते चौकटीच्या पत्र्याच्या कडेवर दाबून बसतं. काही रबर दाराला सोल्यूशनने चिकटवलेलं असतं. तुमच्या गाडीत जे असेल तीच पद्धत ठेवावी, कारण चौकटीची कड त्या पद्धतीसाठीच वळवलेली आहे.

रबर मिळतं का? फियाटचं मिळतं आणि त्याला इतिहास कारण आहे. वालचंद हिराचंद यांच्या समूहाने १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११००पासून १९६४ची डिलाइट आणि १९७४पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी बनत राहिली. मूळ इटालियन आराखडा फारसा न बदलता ही गाडी दशकानुदशकं निघाली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तर ती मुंबईच्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२३पर्यंत धावली. इतकी वर्षं या टॅक्सींची दारं रोज उघडली-लावली जात असल्यामुळे सुट्या भागांचा बाजार जिवंत राहिला. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मीरी गेट या बाजारपेठांत जुन्या गाड्यांचं सामान शोधणारे आजही जातात. नेमका तयार तुकडा मिळाला नाही, तर मीटरवर विकलं जाणारं त्याच छेदाचं रबर घेऊन घरी कापता येतं.

बाजारात रबर हातात घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. ते अंगठ्याने दाबून सोडल्यावर लगेच उसळतं का, दुमडल्यावर घडीत बारीक तडे दिसतात का, आणि गुंडाळीच्या आतल्या थराला चपटेपणा आलाय का. वर्षानुवर्षं दुकानात घट्ट गुंडाळून पडलेलं नवं रबर दिसायला नवं असतं, पण त्याची दबण आधीच झालेली असते.

जुनं काढा, पत्रा पाहा

जुनं रबर खेचून काढण्याआधी ते कुठून सुरू होतं, सांधा कुठे आहे, कोपऱ्यात कसं वळतं, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग खालून सुरुवात करून ते अखंड सोलून काढा, नमुना म्हणून लागेल. खाली वाळलेल्या सोल्यूशनचा पिवळट थर राहतो. तो प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडायचा. थिनर थेट ओतायचं नाही, कारण जुन्या गाडीवरचा सेल्युलोजचा रंग त्यात लगेच विरघळतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ थरावर ठेवलं तर काम हळू होतं, पण रंग वाचण्याची शक्यता जास्त. शेवटी पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा. तेलाचा अंश राहिला तर सोल्यूशन धरत नाही.

रबराखालची जागा वर्षानुवर्षं ओली राहिलेली असते. गंज असतोच, प्रश्न किती एवढाच. वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने घासायचा, गंज मारणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं, धुऊन वाळवायचं, मग प्रायमर आणि वर रंग. पत्र्याची कड पोखरली गेली असेल तर टिंकरिंगवाल्याकडून पत्रा बदलायला हवा. त्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रबर बसवणारे बरेच भेटतात. लांबी वरून गुळगुळीत दिसते, रबराचा चिमटा तिला धरत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात ती तडकते. रंग पूर्ण कडक होईपर्यंत रबर बसवायचं नाही, नाहीतर ते रंगाला चिकटून बसतं.

बसवण्याची रीत

आता रबर. ते आदल्या रात्री गुंडाळीतून सोडून जमिनीवर मोकळं पसरून ठेवावं, म्हणजे त्याची वळणं निघून जातात. मे महिन्याच्या दुपारी हे काम करू नये. तापलेलं रबर लांबतं. साडेतीन मीटरच्या एका फेऱ्यात उन्हाळ्याची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांतला फरक दीड सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. कडक उन्हात मापाचं कापलेलं रबर थंडीत आखूड पडतं. सकाळची वेळ आणि सावली हे बरं. सोल्यूशनही उन्हात लगेच सुकतं आणि जागा दुरुस्त करायला वेळ देत नाही.

आधी सोल्यूशनशिवाय पूर्ण रबर लावून पाहायचं. सांधा नेहमी खाली, उंबऱ्याच्या मध्यावर येईल असा ठेवायचा. वर ठेवलेला सांधा पावसाला आमंत्रण देतो. बिजागराजवळ ठेवलेला सांधा रोजच्या पिळण्याने उघडतो. सगळं ठीक वाटलं की रबर आणि पत्रा दोघांनाही पातळ थर लावायचा आणि बोटाला चिकटणार नाही इतपत सुकू द्यायचा. ओल्या सोल्यूशनवर रबर बसवलं तर ते कोपऱ्यातून सरकत राहतं.

कोपरे आधी बसवायचे. कोपऱ्याशी आलात की हात थांबवा. उजव्या हाताने ओढून वळवण्याची सवय सगळ्या हातांना असते. ओढलं की रबर बारीक होतं, कोपऱ्याचा आतला भाग चुरगाळतो, बाहेरचा ताणतो, आणि मग आधी सांगितलेला ओझोन त्या ताणाची वाट पाहतच असतो. ईपीडीएमला ओझोन फारसा खात नसला, तरी ताणलेलं रबर काही महिन्यांत आपल्या मूळ लांबीकडे परत येतं आणि सांध्याशी फट पडते. म्हणून उलट करायचं : कोपऱ्यात रबर दोन्ही बाजूंनी अंगठ्याने आत ढकलायचं, जणू थोडं जास्तीच भरतोय. आतल्या बाजूला लहानशी सुरकुती आली तर चालेल, बाहेरची बाजू पांढरट झाली तर ती ताणली गेली आहे, उचला आणि परत बसवा. सरळ भागातही रबर ओढायचं नाही, फेऱ्यामागे बोटभर जास्त राहील असंच दाबत जायचं. लोखंडी पट्टीचा चिमटा असेल तर तो रबरी हातोडीने, मध्ये लाकडाची पट्टी धरून, हलके ठोकत बसवायचा. नुसत्या हातोडीने ठोकलं की चिमटा तिरका बसतो आणि परत सरळ होत नाही.

सांधा ब्लेडने काटकोनात कापायचा, तिरका नाही. दोन टोकं एकमेकांत रेटून बसतील एवढं एक-दोन मिलिमीटर जास्तीचं माप ठेवायचं आणि झटपट सुकणाऱ्या गोंदाच्या एका थेंबाने जोडायचं. पोकळ रबराच्या अंगावर ठराविक अंतरावर बारीक भोकं दिसतील, ती चुकून बुजवू नका. दार लावताना आतली हवा त्यांतूनच बाहेर पडते. भोकं बुजली तर रबर फुग्यासारखं ताठ राहतं आणि दार लागत नाही. तळाची पाणी जाण्याची भोकंही रबराखाली झाकली गेली नाहीत ना, ते आत्ताच पाहून घ्या.

पुढचे आठवडे

नवं रबर बसवलेलं दार जरा जोर लावूनच लागतं. मालक घाबरतो आणि खुंट बाहेर सरकवायला सांगतो. तसं करू नका. पुढचे काही दिवस गाडी उभी असताना दारं पूर्ण लावून ठेवा, रबर स्वतःची जागा घेतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही दार आपटावं लागत असेल, तर रबर जाड पडलंय किंवा बिजागराच्या बाजूला अडतंय. परत गोळ्यांची चाचणी करा.

पाण्याची परीक्षा नळीने घ्यायची, पण वरून सुरुवात करायची नाही. एक जण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा उंबऱ्यापासून नळी धरून दर वेळी वीतभर वर सरकतो. वरून पाणी मारलं तर ते सगळीकडे पसरतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. खालून सुरुवात केली तर पहिला थेंब कुठे दिसला त्याच उंचीवर दोष असतो. गाडी धुण्याच्या दाबाच्या मशीनने ही चाचणी घेऊ नये. असा झोत कुठलंही पावसाचं पाणी मारत नाही आणि चांगल्या रबरालाही उचलू शकतो.

नंतरची निगा थोडी. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसायची, कारण नगरची बारीक माती रबराला पॉलिश पेपरसारखी घासते. उन्हाळ्यात शंखजिऱ्याचा हात किंवा सिलिकॉनचा हलका थर द्यायचा, त्याने रबर चौकटीला चिकटत नाही. तेल, ग्रीस, पेट्रोल, डॅशबोर्ड चमकवणारी तेलकट द्रव्यं यांना रबरापासून दूर ठेवा.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२१च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचा वेगळा मार्ग आणला. नव्या नोंदणीला वीस हजार, पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते, मात्र रोजच्या ये-जा किंवा व्यवसायासाठी ती वापरता येत नाही. १९७४मध्ये रस्त्यावर आलेल्या पद्मिनी आता या पन्नाशीच्या रेघेपलीकडे गेल्या आहेत. अट अशी, की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. दाराचं रबर हा झिजणारा भाग, ते बदलल्याने या अटीला धक्का लागत नाही. धक्का लागू शकतो तो रबर बसत नाही म्हणून चौकटीची कड कापून वेगळी वळवणाऱ्याच्या कामाने. म्हणून जुन्या रबराचा तुकडा, त्याच्या छेदाचं चित्र आणि आधीचे फोटो गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवणं शहाणपणाचं.

खर्चाचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट दिसतं. या सगळ्यात रबर हाच बहुधा सगळ्यात स्वस्त भाग असतो. पैसा आणि वेळ जातो तो बिजागराच्या पिनेवर, पत्र्याच्या कडेवर आणि रंगावर. ते आधी करून रबर शेवटी बसवणाऱ्याचा खर्च एकदाच होतो. आधी रबर टाकून पुढच्या पावसात बिजागराकडे वळणाऱ्याला दार दुरुस्त झाल्यावर रबर पुन्हा घ्यावंच लागतं, कारण लोंबलेल्या दाराने चुरगाळलेलं रबर सरळ झालेल्या दाराला कधीच बसत नाही.